सागरी टँकचं पाणी घरात सांडू नये म्हणून: काचेला भोकं पाडण्याआधी सल्ला हवा

मृदुला_ठाणे

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे टँक बरीच वर्षं सांभाळतेय, खाऱ्या पाण्याचा पहिल्यांदाच करतेय. काचवाल्याला ऑर्डर द्यायची आहे. एकदा भोकं पडली की ती हलवता येत नाहीत, म्हणून आधीच विचारून घेते.

टँक १२० × ६० × ६० सेंमी, १२ मिमी काच. पाणी ५६ सेंमीपर्यंत. खालच्या कपाटात ९० × ४० × ४० सेंमीचा सम्प (फिल्टर आणि पंप ठेवायची खालची टाकी), तीन कप्प्यांचा: पहिल्यात फिल्टर सॉक, मधल्यात प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), शेवटच्या २५ सेंमी रुंद कप्प्यात पाणी परत वर टँकमध्ये फेकणारा रिटर्न पंप. रिटर्नचं नोझल पाण्याच्या पातळीखाली १० सेंमी. टँकला ओव्हरफ्लोचं खोकं, त्याच्या दातेरी काठावरून पाणी आत सांडतं आणि उतरत्या पाइपाने सम्पमध्ये जातं; तो पाइप एकच, ३२ मिमीचा. रिटर्नच्या पाइपवर एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप). बाष्पीभवन भरून काढायला ऑटो टॉप-ऑफ, त्याची २५ लिटरची टाकी कपाटातच वरच्या फळीवर. मासे: क्लाऊनची जोडी, एखाद-दोन गोबी, थोड्या गोगलगायी. प्रवाळ नाही.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. खाली एक वयस्कर जोडपं आहे आणि टँकच्या बरोबर खाली त्यांची झोपायची खोली येते. वीज जावो, पंप अडको, आम्ही घरी असो वा नसो, त्यांच्या छताला ओल येता कामा नये. या आराखड्यात काय बदलू?

भरतीओहोटी

मृदुलाताई, सगळी मापं दिलीत हे उत्तम केलंत. आता अंदाजाने बोलायची गरजच नाही, सरळ गणित करता येतं.

कुठल्याही सम्पवाल्या टँकला दोनच प्रश्न विचारायचे. रिटर्न पंप थांबला तर वरचं पाणी कुठवर खाली येईल? आणि उतरता पाइप तुंबला तर खालचं पाणी कुठवर वर चढेल? दोन्हींचं उत्तर 'काचेच्या आतच' असं आलं पाहिजे, आणि तेसुद्धा कुठलाही व्हॉल्व्ह, सेन्सर किंवा स्विच मधे न धरता. उपकरणं त्याच्यावर लावायची, त्याच्याऐवजी नाही.

पहिला प्रश्न. तुमच्या टँकमधला १ सेंमी म्हणजे ७.२ लिटर. नोझल १० सेंमी खाली आहे. वीज गेली की त्याच पाइपातून पाणी उलटं सायफन होणार आणि नोझल उघडं पडून हवा शिरेपर्यंत थांबणार नाही. म्हणजे ७२ लिटर. सम्पचा १ सेंमी ३.६ लिटरचा. स्किमरला साधारण २२ सेंमी पाणी लागेल, वर उरले १८ सेंमी, म्हणजे अगदी काठोकाठ ६५ लिटर. ७ लिटर जमिनीवर. ओव्हरफ्लोच्या खोक्यातलं आणि पाइपांतलं पाणी तर अजून धरलंच नाही.

नोझल २ सेंमीवर आणा. मग वरून येणार १४-१५ लिटर. ४० × १२ सेंमीचं खोकं आणि त्यातल्या पाइपाचं तोंड २० सेंमी खाली धरलं तर आणखी १० लिटर, पाइपांतलं एक-दोन. एकूण २६ लिटरच्या आसपास. सम्प ७ सेंमीने चढेल, २२ चे २९. वर ११ सेंमी काच मोकळी. आता झोप लागेल.

राजापूरकर

पण त्यांनी एनआरव्ही लावलाय ना? मग पाणी उलटं येईलच कसं? माझ्याकडेही तोच आहे, आजवर त्रास नाही.

भरतीओहोटी

राजापूरकर, गोड्या पाण्याच्या मोटरवर एनआरव्ही वर्षानुवर्षं चालतो, म्हणून भरवसा बसतो. खाऱ्या टँकमध्ये त्याच्या झडपेवर चुन्याचा थर बसतो, नळकृमी घर करतात, एखादी छोटी गोगलगाय आत शिरते. झडप केसभर उघडी राहिली तरी तासाभरात सगळं पाणी खाली येतं. लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा जोड) द्या, म्हणजे काढून व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करता येईल. पण सम्पची मोकळी जागा मोजताना तो नाहीच असं धरा.

तेच सायफन तोडायच्या भोकाचं. नोझलच्या वर पाइपाला ५-६ मिमीचं भोक पाडतात, पातळी तिथवर उतरली की हवा शिरते. चांगली युक्ती आहे, मी स्वतः वापरतो. पण त्यात शेवाळ भरतं, म्हणून काच पुसताना दर वेळी तिथे दात कोरायची काडी फिरवायची.

पाइपवाला

भोकांचं मी सांगतो, प्लंबिंगचीच कामं करतो.

काचवाल्याला आधी विचारा की कुठली काच टफन्ड देणार. टफन्ड काचेला नंतर भोक पडत नाही, पूर्ण काच फुटते. भोक हवं असेल तर टफन करण्याआधी पाडून घ्यावं लागतं. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडा. टँक निपलचं (भोकात बसवून पाइप जोडायच्या तुकड्याचं) रबरी वायसर पाण्याच्या, म्हणजे फ्लँजच्या बाजूला बसवायचं. हाताने आवळून वर पाव फेरा, बस. पान्याने जोर लावला की काच तडकते, आणि तीही कधी कधी पाणी भरल्यावर.

सगळं यूपीव्हीसी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की पितळी हातात देतात. तो खाऱ्या पाण्यात अजिबात नको. पितळेत तांबं असतं, ते पाण्यात उतरतं आणि कोळंब्या, गोगलगायी मरतात. स्प्रिंगवाला पितळी एनआरव्हीही नको. यूपीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह प्रत्येक दुकानात नसतो, मागवावा लागतो, पण तोच घ्या. बॉल व्हॉल्व्हने बारीक जुळवणी होत नाही.

सोल्व्हंट सिमेंट लावल्यावर एक दिवस हात लावू नका.

शंखशिंपले

दुसऱ्या प्रश्नाकडे या ना कुणीतरी. उतरता पाइप एकच आहे, ते वाचून मला धस्स झालं. माझ्या ओळखीतल्या एका घरी टर्बो गोगलगाय पाइपात जाऊन अडकली होती. ३२ मिमीच्या पाइपाला ती अगदी बुचासारखी बसते. फिरतं अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) असेल तर तेही खोक्यात जाऊन बसतं.

भरतीओहोटी

तेच लिहीत होतो.

एकच पाइप असेल तर तो तुंबल्यावर दुसरी वाट नाही. डर्सो पद्धतीत, म्हणजे वरून वाकवलेल्या आणि हवेचं भोक असलेल्या पाइपात, हवा आणि पाणी एकत्र उतरतं. सोपी आहे, पण एकटी पुरेशी नाही. तुमच्यासाठी हर्बी बरी पडेल: दोन पाइप. पहिला पूर्ण पाण्याने भरलेला, सायफनवर चालणारा, खाली गेट व्हॉल्व्हने आवळलेला. दुसरा आणीबाणीचा, त्याच्यावर व्हॉल्व्ह नाही, त्यात एरवी फक्त बारीक धार. पहिला तुंबला की खोक्यातली पातळी चढते आणि सगळं पाणी दुसरा घेतो. दुसऱ्याचा व्यास पहिल्याएवढाच ठेवा, त्याने पंपाचं पूर्ण पाणी एकट्याने ओढलं पाहिजे.

आणीबाणीच्या पाइपाचं तोंड खोक्याच्या दातऱ्यांच्या तळापेक्षा २-३ सेंमी खाली हवं. ते वर ठेवलं तर तो चालू व्हायच्या आधी टँकची पातळी चढू लागते.

अजून एक. सायफनच्या पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात २-३ सेंमीच बुडवा. ते खोल गेलं तर वीज परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडू शकत नाही, सायफन सुरूच होत नाही, आणि बराच वेळ सगळा भार आणीबाणीच्या पाइपावर राहतो.

सागर_गोवा

मी तीन पाइपांची बीन अ‍ॅनिमल सुचवेन. सायफन, त्याच्या जोडीला हवेसकट वाहणारा उघडा पाइप, आणि तिसरा पूर्ण कोरडा. पातळी थोडी वरखाली झाली तर दुसरा आपोआप सांभाळून घेतो, व्हॉल्व्हशी सारखं खेळावं लागत नाही. काचवाला भोकं पाडतोच आहे, तर तिसऱ्याचा खर्च तो काय?

पाइपवाला

खर्चाचं नाही, जागेचं आहे. ४० सेंमीच्या खोक्यात तीन निपल बसतात, पण हात घालून साफ करायला जागा उरत नाही. जे साफ करता येत नाही ते होत नाही. खोकं ६० सेंमी लांब करणार असाल तर तीन, नाहीतर दोन.

मृदुला_ठाणे

खोकं ४० चंच ठेवते, मागे खांब आहे. म्हणजे दोन पाइप, हर्बी. नोझल २ सेंमीवर. टॉप-ऑफच्या टाकीबद्दल कोणी काहीच बोललं नाही, ती ठीक आहे ना?

भरतीओहोटी

नाही ताई, सगळ्यात मोठी मेख तिथेच आहे.

उतरता पाइप तुंबला आहे असं धरा. रिटर्नचा कप्पा २५ × ४०, पाणी २० सेंमी, पंप ५ सेंमीला कोरडा पडतो. म्हणजे कप्प्यातलं १५ सेंमी पाणी वर चढणार, १५ लिटर. वरच्या टँकमध्ये ५६ पासून ६० पर्यंत ४ सेंमी मोकळे, २८.८ लिटर. १५ सहज मावतात. इथवर आराखडा सुरक्षित आहे.

पण रिटर्नच्या कप्प्यातली पातळी उतरली की टॉप-ऑफला वाटतं, पाणी आटलंय. तो आपलं काम करतो, गोडं पाणी टाकत राहतो, आणि पंप ते वर फेकत राहतो. १५ अधिक २५, झाले ४०. जागा २८.८ ची. ११ लिटर जमिनीवर. यात एकही उपकरण बिघडलेलं नाही हे लक्षात घ्या. पंप नीट, सेन्सर नीट, टॉप-ऑफ नीट.

म्हणून टाकी १० लिटरची. मग १५ अधिक १०, एकूण २५ लिटर, आणि वर थोडी जागा उरते.

राजापूरकर

मे महिन्यात पंखा लावून माझं रोज चार-पाच लिटर आटतं. १० लिटर दोन दिवसांत संपेल. गावाला जायचं तर काय करायचं?

भरतीओहोटी

शेजाऱ्याकडे किल्ली द्यायची आणि दिवसाआड टाकी भरायला सांगायचं. मोठा ड्रम हवाच असेल तर टॉप-ऑफला वेळेची मर्यादा घाला, म्हणजे एका दिवसात ठरावीक मिनिटांपलीकडे त्याचा पंप चालणारच नाही. पण मी म्हणेन, लहान टाकी. ती बिघडू शकत नाही.

माशांच्या दृष्टीनेही बघा. तुमच्याकडे एकूण साधारण ४५० लिटर पाणी. टॉप-ऑफचा फ्लोट (पातळी ओळखणारा तरंगता स्विच) खाली अडकला आणि २५ लिटर गोडं पाणी गेलं तर क्षारता ३५ वरून ३३ च्या जवळ येते. एवढं क्लाऊन सोसेल. पण नॅनो, म्हणजे अगदी छोट्या टँकवाल्यांनी हा हिशोब जरूर करावा. ६० लिटरमध्ये १० लिटर गेलं तर ३५ चे ३० होतात, आणि कोळंबी, गोगलगायी यांना इतका झटका झेपत नाही.

आणि ती टाकी वरच्या फळीवर ठेवू नका. टाकी सम्पच्या पाण्यापेक्षा उंच आणि नळीचं टोक टाकीतल्या पातळीपेक्षा खाली, म्हणजे टॉप-ऑफचा पंप थांबल्यावरही सायफनने अख्खी टाकी रिकामी होणार. टाकी खाली ठेवा, नळीचं टोक पाण्याच्या वर हवेत.

अनघा_न्यूजर्सी

आमच्याकडे टँक दिवाणखान्यात आणि सम्प खाली बेसमेंटमध्ये. तिथे पाइपांतलं पाणी 'एक-दोन लिटर' नसतं. दोन्ही पाइप मिळून बरंच येतं, आणि आडवे तुकडे असले तर आणखी. मजला वेगळा असेल तर पाइपाची आतली जागा मोजूनच सम्प घ्या. बाकी भरतीओहोटींशी शंभर टक्के सहमत.

शंखशिंपले

स्किमरबद्दल पण सांगा कुणी. वीज गेल्यावर सम्प २९ सेंमीला जातो, वीज आली की स्किमर लगेच सुरू होतो आणि ७ सेंमी जास्त पाण्यात उभा असल्यामुळे भराभर फेस फेकतो. कप भरून ओसंडतो. कपाच्या नळीला बादली जोडलेली असेल तर खारं पाणी बादलीत, त्याच्या जागी टॉप-ऑफचं गोडं पाणी, आणि बादली भरली की जमिनीवर. मी स्किमरला दहा मिनिटं उशिरा चालू करणारा टायमर लावलाय. तोवर रिटर्न पंप पातळी खाली आणतो.

औषध किंवा वॉटर कंडिशनर टाकलं, खडक चिकटवायचं इपॉक्सी वापरलं, तर एक-दोन दिवस स्किमरचा कप काढूनच ठेवायचा. फेस आवरत नाही.

सागर_गोवा

आणि सगळ्यात जास्त घरं टँकने नाही, आरओचं शुद्ध पाणी साठवायच्या ड्रमने भिजतात. 'भरत लावलाय, बघते पाच मिनिटांत' असं म्हणून माणूस झोपतो. ड्रम ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये ठेवा, जिथे नहाणी ट्रॅप आहे. हॉलमध्ये नकोच. ड्रमला फ्लोट व्हॉल्व्ह आणि आरओला दाबावर बंद होणारा शट-ऑफ, दोन्ही हवेत. फ्लोट एकटा लावला तर मेम्ब्रेनचं टाकाऊ पाणी चालूच राहतं.

पाइपवाला

+१. आमच्याकडे तक्रारीला येणाऱ्या गळत्यांत हे फार.

राजापूरकर

विजेचं मी सांगतो, ते माझं क्षेत्र. टँकची पूर्ण लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळू लागताच लाइन तोडणाऱ्या स्विचवर) घ्या. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. खारं पाणी गोड्यापेक्षा कितीतरी जास्त वीज वाहून नेतं.

एक्स्टेंशन बोर्ड कपाटाच्या तळाला ठेवू नका. बाजूच्या भिंतीला, सम्पच्या काठापेक्षा उंच स्क्रूने बसवा. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोलावरून खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. अ‍ॅडॉप्टरवर मिठाचा पांढरा थर दिसला तर तो सुकलेल्या थेंबाचा माग आहे. नुसता पुसू नका, थेंब कुठून येतो ते शोधा.

इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचाच, आणि त्यावर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) ठेवा, म्हणजे माशांना ऑक्सिजन मिळत राहील. रिटर्न पंप नसला तरी चालतो.

मृदुला_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या बारकाईने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आराखडा बदलला: दोन ३२ मिमीचे पाइप, नोझल २ सेंमीवर, सायफन तोडायचं भोक, टॉप-ऑफ १० लिटर आणि ती जमिनीलगत, स्किमरला टायमर, आरओ ड्राय बाल्कनीत. कपाट सुतार मरीन प्लायचं करतोय, आयएस ७१० चा शिक्का बघून घेतला. सम्पखाली एफआरपीचा (फायबरचा) १०० × ५० सेंमीचा, ५ सेंमी काठाचा ट्रे, म्हणजे सम्पने व्यापलेली जागा सोडून ७ लिटर तिथेच अडेल. ट्रेमध्ये पाणी लागलं की वाजणारा अलार्म.

खालच्या काकूंनाही सांगून ठेवलं, छताला डाग दिसला तर रात्री-अपरात्री बेल वाजवा. त्यांनी उलट मासे कधी येणार असं विचारलं.

मीठ घालण्याआधी अजून काय तपासू?

भरतीओहोटी

साध्या नळाच्या पाण्याने भरा आणि दोन्ही प्रश्न प्रत्यक्ष विचारा. सगळं चालू असताना मेन स्विच बंद करा आणि सम्प कुठे थांबतो ते बघा, नोझलवरचं भोक बोटाने दाबून. मग परत चालू करा आणि सायफन आपोआप सुरू होतो का ते बघा. त्यानंतर गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, आणीबाणीचा पाइप एकटा पेलतो का बघा. शेवटी तोही बुचाने बंद करा आणि रिटर्न पंप कोरडा पडेपर्यंत टँकजवळ उभ्या राहा. हात स्विचवर असू द्या.

रिटर्नच्या कप्प्यावर २० सेंमीला मार्करने कायमची रेघ मारा. पाणी बदलताना त्या रेघेवर एक मगही जास्त नाही. आपलं सगळं गणित त्या रेघेवर उभं आहे.

मृदुला_ठाणे

कालच चाचणी केली, नवऱ्याला स्विचपाशी उभं केलं होतं.

वीज बंद केल्यावर सम्प २९ सेंमीच्या थोडा खालीच थांबला. परत चालू केल्यावर पाइपातून गुरगुर झाली, आणीबाणीच्या पाइपात जोरात पाणी आलं, आणि थोड्या वेळात सायफन धरला. व्हॉल्व्ह बंद केल्यावर खोक्यातली पातळी चढली, दुसऱ्या पाइपाने सगळं पाणी घेतलं, टँकमधली पातळी जागची हललीसुद्धा नाही. दोन्ही बंद केल्यावर पंप हवा ओढू लागेपर्यंत टँक २ सेंमी चढला, काठ अजून दूर होता.

आता एक शंका. जास्त पातळीचा फ्लोट स्विच आणलाय, रिटर्न पंप बंद करायला. तो ओव्हरफ्लोच्या खोक्यात बसवू की टँकमध्ये?

भरतीओहोटी

टँकमध्ये. खोक्याच्या दातऱ्यांवर शेवाळ, जाळी किंवा मेलेला मासा अडकला तर खोकं रिकामं असतं आणि टँक चढत असतो. खोक्यातल्या स्विचला ते कळणारच नाही, आणि तुमचे दोन्ही पाइप तिथे निरुपयोगी. नेहमीच्या पातळीच्या १ सेंमी वर बसवा, गोगलगाय चढू नये म्हणून भोवती जाळीचा पिंजरा.

राजापूरकर

आणि फ्लोटमधून २३० व्होल्ट नेऊ नका. १२ व्होल्टवर रिले चालवा आणि रिलेने पंप तोडा. रिले हाताने रीसेट करायचा घ्या. नाहीतर पंप थांबला की पातळी उतरते, स्विच परत लागतो, पंप परत सुरू होतो, आणि तुम्ही घरी नसताना रात्रभर तेच चालू राहतं. टॉप-ऑफचा प्लगही त्याच रिलेवर घ्या, दोघं एकत्रच बंद पडले पाहिजेत.

मृदुला_ठाणे

टॉप-ऑफचं लक्षातच आलं नव्हतं. रिले दोन चॅनलचा घेते. मीठ पुढच्या रविवारी.